प्रेषिताची पट्टी

झोंबा शहरातल्या बाजारामागचं मैदान त्या रविवारी माणसांनी फुलून गेलं होतं. प्रेषित ग्रेशमनं एलुबेच्या गळ्यावरच्या गाठीला चकचकीत पोलादी पट्टी लावली आणि कर्ण्यातून जाहीर केलं, "सहा आठवड्यांपूर्वी चाळीस. आज फक्त चार."

बायांनी आनंदानं जिभा हलवून आरोळ्या दिल्या. एलुबे तर रडायलाच लागली.

तिची धाकटी बहीण फाइनेसी पुढच्याच रांगेत होती. वीस वर्षं शिवणकामात गेलेली बाई. सकाळीच तिनं ताईला महिन्याभरापूर्वी शिवलेलं पोलकं घालून दिलं होतं, आणि गळ्याचं बटण लागेना. चाळीसाची चार झालेली गाठ गळपट्टीत मावत नाही?

"सैतान आकसतोय," ग्रेशम सांगत होता. "पण डॉक्टरकडे जाल तर मी चोळायला दिलेलं पवित्र तेल रागावेल."

तेल रागावतं म्हणे. दुकानातलंच खाण्याचं तेल. दोन लवंगा पडल्या की त्याला स्वभावही येत असावा.

फाइनेसी मंचावर चढली. "पाद्रीबाबा, पट्टीला जरा हात लावू?"

"प्रेषित म्हण, मुली," म्हणत त्यानं उदारपणे पट्टी दिली.

तिनं ती तेलाच्या बाटलीला लावून उभी धरली. "ताई, वाच बरं. मोठ्यानं."

"एकशे वीस."

पट्टी उलटवून तिनं दुसरी कड लावली. "आता?"

"बारा." एलुबेचा आवाज खाली आला.

"बाटली आकसली का गं?"

तिनं पट्टीच्या दोन्ही कडा लोकांसमोर धरल्या.

"या कडेला मिलिमीटर, त्या कडेला सेंटिमीटर," फाइनेसी म्हणाली. "दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर. चाळीस मिलिमीटर आणि चार सेंटिमीटर, गाठ तेवढीच. यानं फक्त कड बदलली." मग तिनं मिलिमीटरची कड ताईच्या गळ्याला लावली. "आणि चारसुद्धा खोटं. सेहेचाळीस आहे."

"म्हणजे वाढली?"

"सहा मिलिमीटर. तू तेल चोळत बसलीस तेवढ्यात."

"पट्टीत सैतान शिरलाय," ग्रेशम ओरडला.

"मघापर्यंत देव होता की तिच्यात," मागून कुणीतरी म्हटलं, आणि हशा पिकला. तरीही निम्मे लोक तेलासाठी थांबलेच. अपमान गिळून त्यानं त्यांना तेल वाटलंही. असल्या माणसाला लाज नसते, गिऱ्हाईक असतं.

एलुबे थांबली नाही. सोमवारी दोघी इस्पितळात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली, सुई घालून नमुना घेतला, शस्त्रक्रियेची तारीख दिली. "अजून उपाय हातात आहे," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस कुठे होतात?"

एलुबेनं मान खाली घातली. "आकडे ऐकत होते, बाई."

आकडा कुणीही ओरडू शकतो. तो मिलिमीटरचा की सेंटिमीटरचा, एवढं विचारायला शाळेतलं चार दिवसांचं गणित पुरतं. ते विचारताना श्रद्धा आडवी आली, तर तिला बाजूला सारा आणि पट्टी स्वतःच्या हातात घ्या.