पिवळी गाडी

“ही नाही चालणार,” असं म्हणून वेंडेलनं गाडीचं दार इतक्या जोरात लावलं, की विकणारा माणूस दचकला.

अर्डिस अजून आतच बसली होती. राखाडी रंगाची, चार दारांची, स्वच्छ गाडी. सीट गरम होणारी. गुडघ्यांना बरं वाटलं होतं.

“काय वाईट आहे हिच्यात?”

“ऑटोमॅटिक आहे. मोटरहोमच्या मागं बांधून, चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर शंभर मैलांत गिअरबॉक्स जळून खाक होईल. उतर.”

“मागं तो दोन चाकांचा गाडा लावतात ना, पुढची चाकं वर उचलून?”

“त्या गाड्याचं वजन कोण ओढणार? तुझा बाप? आपलं मोटरहोम छोटं आहे, अर्डिस. डिझेल असलं म्हणून काय रणगाडा नाही झाला. उतर म्हणतो ना.”

वेंडेलचं सगळ्यात वाईट हे होतं, की अशा बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. आयुष्यभर नेब्रास्कात धान्याच्या कोठारांवरची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. यंत्राशी तो प्रेमानं बोलायचा. अर्डिस उतरली.

गाडी घ्यायला तो कबूल झाला होता, तेही मनापासून नव्हे. चार वर्षांपूर्वी घर विकून त्यानं ते मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं, तेव्हापासून दोघं त्यातच राहत होती. उन्हाळा उत्तरेला, हिवाळा ॲरिझोनात, मोटरहोमवाल्यांच्या कॅम्पवर. कुठं जायचं म्हटलं की अख्खं घरच हलवावं लागे. पाण्याचा पाइप काढा, विजेची तार काढा, खुर्च्या आत घ्या, भांडी बांधा. गेल्या महिन्यात अर्डिसची दाढ ठणकायला लागली, तेव्हा वेंडेल म्हणाला होता, “दाढेसाठी घर उचलू? लवंग धर.” ती महामार्गाच्या कडेनं चालत बेन्सन गावाकडे निघाली. गाल टम्म सुजलेला, बाजूनं ट्रक जातायत. शेवटी कॅम्पच्या मॅनेजरनं तिला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि परत आणून सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत वेंडेलच्या दारात उतरवलं. “मिस्टर, बायको आहे तुमची,” एवढंच तो म्हणाला. वेंडेलला दाढेचं काही वाटलं नव्हतं, शेजाऱ्यांचं वाटलं.

म्हणून गाडी. पण कुठली, ते तोच ठरवणार होता.

“गिअरची बघू,” परतताना मोटरहोम चालवत तो म्हणाला. “हलकी, क्लचवाली. न्यूट्रलमध्ये टाकली की निमूट मागं येते.”

“मला क्लच येत नाही, वेंडेल.”

“तुला कशाला यायला हवा? जायचं असेल तिथं मी नेईन ना.”

अर्डिस खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांची मुलगी डार्ला इथून तासाभरावर बिस्बीला राहत होती. घर विकलं तेव्हा डार्ला दोन पोरांना घेऊन त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवऱ्यानं सोडलेली. बापानं तिला घर सोडायला महिनाभराची मुदत दिली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. आणि आईचंही, कारण विक्रीच्या कागदावर आईची सही होती. चार हिवाळे अर्डिस या वाळवंटात तासाभराच्या अंतरावर येऊन राहत होती आणि वेंडेल तिला तिथं कधीही नेणार नव्हता.

पिवळी गाडी त्यांना एस्तेला किन्टानाच्या अंगणात सापडली. छोटी, दोन दारांची, जुनी, पण मन लावून सांभाळलेली. वेंडेल तिच्याखाली आडवा झाला, इंजिन बघितलं, वजन विचारलं आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता.

“हीच,” तो म्हणाला. “आपल्या मोटरहोमसाठीच बनवलीये.”

एस्तेला अंगणातल्या झाडाखाली खुर्चीत बसली होती. ऐंशीच्या पुढची, वाळलेली बाई. डोळे गेले होते, थोडा उजेड आणि सावल्या तेवढ्या दिसत. लायसन्स काढून घेतलं म्हणून गाडी विकायला काढली होती, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकावर तिचा राग होता.

“चालवणार कोण?” तिनं विचारलं.

“मी,” वेंडेल म्हणाला. “खरं म्हणजे चालवायची कमी, ओढायचीच जास्त.”

“ओढायची?” एस्तेलाचा आवाज चढला. “माझी गाडी काय गाढव आहे, दोरी बांधून न्यायला?”

“बाई, पैसे रोख देतो. तुम्हाला काय करायचंय?”

“मग ही दुसरी कोण? मघापासून श्वास ऐकू येतोय, तोंड उघडत नाही.”

“मी अर्डिस,” अर्डिस म्हणाली.

“तू चालवणार का?”

“तिला येत नाही,” वेंडेल म्हणाला.

“तुम्हाला विचारलं का मी?”

अर्डिसनं वेंडेलकडे पाहिलं नाही. “मला येत नाही,” ती म्हणाली. “पण चालवायचीये.”

एस्तेला काठीनं जमिनीवर टकटक करत म्हणाली, “मिस्टर, तुम्हाला गाडी मिळणार नाही. हिला मिळेल. हिनं चालवून दाखवली तर. कागदही हिच्याच नावावर. पटत असेल तर बघा, नाहीतर फाटक उघडंच आहे.”

वेंडेल फणकारत बाहेर पडला. पुढचे काही दिवस त्यानं गावं पालथी घातली. जी हलकी होती ती ऑटोमॅटिक निघाली, जी क्लचवाली होती ती जडशीळ ट्रक निघाली. शेवटी एका सकाळी कॉफीचा कप आपटून तो म्हणाला, “जा. शीक. दोन दिवसांत रडत येशील, मग ती म्हातारीही नरमेल.”

धान्याच्या दुकानामागं मोठं मोकळं आवार होतं. तिथं शिकवणी सुरू झाली. एस्तेला शेजारी बसायची, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून, डोळे मिटून. ती कानांनी शिकवायची.

“ओरडतेय ती! ऐकू येत नाही? गिअर बदल!”

गाडी उसळून बंद पडायची.

“मारलीस. परत चालू कर.”

“क्लच किती सोडायचा ते कळत नाही मला.”

“पायाला कळतं, तुला कळायची गरज नाही. तू मध्ये मध्ये विचार करतेस. नवऱ्याला विचारून पाय उचलतेस का?”

वेंडेल घडीची खुर्ची घालून आवाराच्या कडेला बसलेला असायचा. गाडी बंद पडली की टाळ्या वाजवायचा. “वा! अजून एकदा!” दुकानातले लोक बाहेर येऊन बघायचे. अर्डिसचे कान तापायचे. एकदा तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

“उचल डोकं,” एस्तेला म्हणाली. “रडायचं असेल तर घरी जाऊन रड. माझं पेट्रोल जळतंय.”

वेंडेल आयुष्यभर तिला असंच टोचून बोलत आला होता, पण हे टोचणं वेगळं होतं हे अर्डिसला हळूहळू कळलं. त्याच्या बोलण्याचा शेवट ‘राहू दे’ असा असायचा. या म्हातारीच्या प्रत्येक शिवीचा शेवट ‘परत चालू कर’ असा होता.

एका सकाळी गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि कसलाच धक्का बसला नाही. अर्डिसनं अख्ख्या आवाराला फेरा मारला, मग आणखी एक. एस्तेलानं खिडकीची काच खाली केली आणि तोंड वाऱ्याकडे धरून बसली. फेरा संपल्यावर म्हणाली, “आता ती गप्प आहे. घेऊन जा.”

वेंडेल त्या दिवशी टाळ्या वाजवायला नव्हता. कंटाळून कॅम्पवर गेला होता.

कागद अर्डिसच्या नावावर झाले. वेंडेलनं गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी पट्टी बसवली, मोटरहोमच्या मागं ओढदांडा लावला, दिव्यांच्या तारा जोडल्या. काम करताना तो शीळ घालत होता. रविवारी सकाळी म्हणाला, “उद्या निघायचं. कॅलिफोर्निया. इथं कंटाळा आला.”

“मी आज बिस्बीला जाऊन येते,” अर्डिस म्हणाली.

शीळ थांबली. “कशाला?”

“तुला माहितीये कशाला.”

“ती तुला दारात उभं करणार नाही. माझी पोर आहे ती, मी ओळखतो तिला.”

“मग दारातून परत येईन.”

“किल्ली दे इकडं.”

“नाही.”

तो गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला, हात कमरेवर. शेजारच्या मोटरहोमचे पडदे हलले. अर्डिसनं गाडी चालू केली. ती हिसका देऊन बंद पडली. वेंडेल हसला. तिनं पुन्हा चालू केली, आणि या वेळी गाडी पुढं सरकली, अगदी सावकाश, पण सरकली. वेंडेल बाजूला झाला.

बिस्बी म्हणजे नुसते चढ. डार्लाचं घर अशाच एका चढावर होतं, रस्ता इतका उभा की उतरताना अर्डिसला गाडीच्या दाराचा आधार घ्यावा लागला. डार्ला जाळीच्या दाराआड उभी होती. केस पांढरे व्हायला लागले होते. दार तिनं उघडलं नाही.

“तो कुठाय?”

“नाही आला.”

“मग तुला कोणी आणलं?”

“मीच आले.”

डार्लानं गाडीकडे पाहिलं. “गिअरची आहे ती. तुला येत नाही.”

“शिकले.”

“चार वर्षांनी?” डार्ला म्हणाली. “पोरं विचारायची, आजीला काय झालं? मी काय सांगणार होते? आजीनं सही केली म्हणून सांगू?”

अर्डिस पायरीवर उभी होती. गुडघा दुखत होता, पण बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

“का केलीस, आई? तो तसाच आहे, ते मला लहानपणापासून माहितीये. तू का केलीस?”

रस्ताभर अर्डिसनं पुष्कळ उत्तरं जुळवली होती. ती सगळी तिनं सोडून दिली. “त्यानं पेन दिलं,” ती म्हणाली. “मी केली.”

“बस? एवढंच?”

“एवढंच. दुसरं काही नाही.”

डार्ला तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पोरं कामावर गेलीयेत. मलाही जायचंय,” आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं.

अर्डिस गाडीत येऊन बसली. गाडीचं तोंड चढाकडे होतं. ब्रेकवरून पाय काढला की गाडी मागं घसरायची, इंजिन बंद पडायचं. आवार सपाट होतं, चढ म्हातारीनं शिकवलाच नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा. खाली कुणाची तरी भिंत होती आणि ती जवळ येत होती.

काहीतरी धपकन आवाज झाला. डार्ला मागच्या चाकाखाली जळणाचा ओंडका सरकवत होती.

“हँडब्रेक ओढ,” ती खिडकीशी येऊन म्हणाली. आवाजात राग तसाच होता. “आता ॲक्सिलरेटर दे. अजून. क्लच सोड हळू. पुढून उचलली गेली असं वाटलं की हँडब्रेक सोड. कुणी शिकवलं तुला हे असं अर्धवट?”

“एका आंधळ्या बाईनं.”

डार्लाच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. “सोड आता,” ती म्हणाली.

गाडी वर निघाली. अर्डिसला आरशात डार्ला दिसली, ओंडका काखेत धरून रस्त्याच्या मधोमध उभी असलेली. हात हलवावा असं अर्डिसला फार वाटलं. पण एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा गिअरवर, आणि थांबून चालणार नव्हतं.

ती कॅम्पवर परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. वेंडेलनं खुर्च्या आत घेतल्या होत्या, पाइप गुंडाळले होते. तो मोटरहोमच्या मागं ओढदांडा पुसत बसला होता.

“घेतलं का आत?” त्यानं मान न उचलता विचारलं.

“नाही.”

“म्हणालो होतो.”

“हो, म्हणालास.” तिनं गाडी बंद केली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. “पुढच्या रविवारी परत जाणारे.”

“पुढच्या रविवारी आपण कॅलिफोर्नियात असू.”

“तू असशील.”

वेंडेलनं वर पाहिलं. हातातलं फडकं दांड्यावर टाकलं. “पोरं कशी आहेत?” त्यानं विचारलं.

“भेटली नाहीत. कामाला जातात आता.”

“कामाला?” तो म्हणाला. त्याच्या हिशेबी ती अजून शाळेतच होती. “कसलं काम?”

“मला सांगितलं नाही तिनं.”

अर्डिस आत जाऊन सूप गरम करायला लागली. मागच्या खिडकीतून तिला तो दिसत होता. त्यानं ओढदांडा गाडीपर्यंत लांब केला होता, दांडा गाडीला अडकवायची खीळही हातात घेतली होती. पण ती त्यानं लावली नाही. पिवळ्या गाडीसमोर तो तसाच उकिडवा बसून राहिला, दांड्याचं मोकळं टोक मांडीवर घेऊन. सूप तयार झाल्याचं तिनं दोनदा हाक मारून सांगितलं, तरी उठला नाही.