लागला का गं बिल्ड?

आमच्या घरात बिल्ड म्हणजे फोन. बाबा दुपारी फोनवर विचारायचे, "लागला का गं बिल्ड?" म्हणजे, तू आता रिकामी आहेस का.

मी कंपायलरवर काम करते. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देतो, तो कंपायलर. त्याच्यासोबत सुटे तुकडे जोडणारा लिंकर, चुका हुडकणारा डीबगर, तयार कोडच्या लायब्रऱ्या असं भलंमोठं खटलं, प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा. कुठंही एक ओळ बदलली की सगळं पहिल्यापासून बांधायचं. तो बिल्ड. पाऊण तास खायचा.

तेवढा वेळ मी हातावर हात ठेवून बसते, हे बाबांना पक्कं ठाऊक. एरवी त्यांचा फोन म्हणजे, "जेवलीस? बरं, ठेवतो, तुझा खोळंबा नको." आई गेल्यापासून त्यांना वाटतं, आपण सगळ्यांच्या पायात येतो. डोकं फिरतं माझं. पण बिल्ड चालू असला की ते निवांत लसूण सोलत बसायचे. बोलणं बेताचंच. सालींची कुरकुर ऐकू यायची, तेवढं मला पुरायचं. ऑफिसात मी एकटीच असते, बाकीचे घरून काम करतात. माझ्या घरी तरी कोण आहे म्हणून मी घरी बसू?

मग साहेब म्हणाले, बिल्ड सुधारायला घे. खरं तर लाजच होती ती. लिंकर उगाच कंपायलरच्या मागे ताटकळत उभा. ज्या लायब्रऱ्यांना वर्षभर कुणी हात लावला नव्हता, त्या रोज नव्यानं बांधल्या जात होत्या. गबाळं काम मला बघवत नाही. कोण कुणावर अवलंबून ते नीट मांडलं, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते एकदम लावले. बिल्ड पाच मिनिटांवर आला. ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीनवरच्या चौकटींनी टाळ्या वाजवल्या. त्याच भरात बाबांना फोन केला.

"पाच मिनिटं? शाब्बास." मग, "म्हणजे आता दुपारी तुला उसंत नाही."

"तसं काही नाही हो."

"नाही कसं? झाला असेल बघ. ठेवतो."

त्यानंतर रोज तेच. घड्याळ समोर ठेवूनच बसत असावेत. लसूणही घेईनात. अर्धवट राहतो म्हणे. बाबा, मला इथं करमत नाही, एवढं एक वाक्य. पण आमच्या घरात असलं काही कुणाच्या तोंडून फुटेल तर शपथ.

काल बिल्ड कधीच संपला होता. मी फोन तसाच धरून बसले.

"झाला असेल," बाबा म्हणाले.

"नाही झाला."

"अगं, पाच मिनिटांचा ना तो?"

"बिघडलाय."

"तूच नीट केलास ना?"

"मीच बिघडवला, बाबा." माझा आवाज फाटला. सावरायला गेले तर आणखीच फाटला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असू दे बिघडलेला," ते म्हणाले. "ठेवू नकोस हं. लसूण घेऊन येतो."