विश्वंभररावांचं पार्सल

चहाच्या एका कंपनीनं त्या वर्षी आमच्या घराची पार वाट लावली! रिकाम्या पुड्या धाडा अन् फुलाफुलाच्या कपबशा पोस्टानं फुकट मिळवा, अशी स्कीम होती. आमच्या घरच्या एकाही कपाला कान न्हवता, म्हणून माझ्या मायनं, शालूबाईनं, हट्टच धरला. त्र्याण्णव साल असंल. मग काय! सकाळी चहा, दुपारी चहा, पाव्हण्याला चहा, उरलेला म्हशीला. मला तर चहा आवडतच न्हाई, पण विचारतं कोण?

पुड्या धाडताना पत्त्यावर नाव टाकलं बापाचं. घरातलं सारं बापाच्याच नावानं, मग कपबशा काहून सोडायच्या?

पार्सल आलं त्या दिवशी बाप कापूस घेऊन जवळा बाजारला गेलेला. पोस्टमन नवा, हिंगोलीचा, नियमाला लई कडक.

"कोणाचं पार्सल?"

"ह्यांचं," माय म्हणली.

"ह्यांचं म्हंजे?"

"साधनाच्या बापाचं." साधना म्हंजे मी.

"वर तसं लिहिलेलं न्हाई. नाव सांगा, न्हाईतर माल वापस."

आली का पंचाईत! आमच्या साखरा गावात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. मायनं लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मी मधीच ओरडले, "विश्वंभर!" तर म्हणे, लेकरांचं चालत न्हाई. शेजारची जिवनबाई पुढं आली, तर म्हणे, तुमी घरच्या हायत का? मेल्याला दोन धपाटे घालावे वाटले.

त्यानं सायकलवर टांग टाकली. मायचे डोळे भरून आले. वर्षभर चहा ढोसून पोटात आग पडली, अन् कपबशा चालल्या वापस! तिनं पदर डोक्यावर ओढला अन् अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणली,

"कपाला न्हाई कान, बशीला पडली चीर,
विश्वंभररावांच्या पार्सलापायी सुटला माझा धीर!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पोस्टमननं गुमान पार्सल दिलं. त्यातली एक बशी फुटकी निघाली, तरी माय खूश.

संध्याकाळी जिवनबाईनं बापाला सारं रंगवून सांगितलं. बाप बैल सोडायचं विसरला.

"खरंच म्हणली? रावांसकट?"

मग तो मायच्या मागंच लागला. "एकदा म्हण की."

"काहून? पोस्टमन आला का?" माय म्हणली अन् भाकरी थापायला बसली.

तवापासून बापाला नादच लागला. जाहिराती पाहून कधी केस वाढवायचं तेल मागव, कधी इंग्रजी शिकायचं पुस्तक. अन् पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की हा पठ्ठ्या कडब्याच्या गंजीमागं लपायचा. मायला पहिल्याच खेपेला गंजीच्या कडेनं त्याचं धोतर दिसलं. मी हसायला लागले तर तिनं मला डोळ्यानंच गप केलं. मग पदर सावरून गंजीकडं तोंड केलं, अन् पोस्टमननं काही विचारायच्या आधीच नवा उखाणा सुरू केला.