रविवारची परीक्षा

माझ्यासमोर दिवसभर माणसं खोटं बोलतात आणि ते ऐकण्याचा मला पगार मिळतो. विजेच्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात परत आलेला माल तपासायचं टेबल माझं आहे. "आणली तेव्हापासून अशीच आहे हो," हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की किटली खाली आपटली की पाण्यात बुडाली, हे मी बोलणाऱ्याच्या भुवयांवरून सांगतो. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात. मी अनुभव म्हणतो.

तर त्या मंगळवारी एक उंच मुलगी इस्त्री घेऊन आली. तापतच नाही म्हणाली. मी प्लग लावला, इस्त्री झकास तापली. अशा वेळचं माझं उत्तर ठरलेलं आहे. "इथे चालते आणि तुमच्याकडे चालत नाही, म्हणजे दोष इस्त्रीत नाही. घरचं वायरिंग तपासून घ्या."

इस्त्री पिशवीत घालताना ती म्हणाली, "काका, तुम्ही ओळखलं नाहीत मला. तुमच्या मुलीच्या वर्गात होते मी कॉलेजात. गेल्या गुरुवारी परीक्षेलाही माझ्या शेजारीच बसली होती. एक्याण्णव म्हणजे कमालच केली तिने. अभिनंदन सांगा."

मी हसलो. समोरच्याला आपला चेहरा वाचू द्यायचा नाही, हा आमच्या टेबलाचा पहिला नियम. पण आत पाल चुकचुकली. कारण आमच्या लेकीची परीक्षा व्हायची होती. ती रविवारी होती. तिच्यासोबत जायचं म्हणून मी साहेबांच्या हातापाया पडून रविवारची सुट्टी मिळवली होती.

पदवीच्या पुढे शिकायचं तर ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संगणकावर असते, दिवस आपणच निवडायचा, आणि शेवटचं बटण दाबलं की गुण तिथल्या तिथे पडद्यावर. तिला जिथे जायचं होतं तिथे ऐंशीच्या खाली विचारत नाहीत. पहिल्या वेळी तिला अडतीस पडले. वर्षातून दोनदाच देता येते, म्हणजे ही शेवटची संधी. ही गेली तर पोरगी हाताला लागेल ती नोकरी धरणार आणि पुस्तकं माळ्यावर जाणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आणि आता म्हणे एक्याण्णव. परीक्षेच्या आधीच.

संध्याकाळी घरी आलो तर लेक जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसलेली. हातात पेन्सिल, कपाळावर आठी. मी चहा घेतला आणि तिला नीट न्याहाळलं. तासाभरात तिने दोन पानं उलटली. परीक्षा तोंडावर आलेलं माणूस असं वाचत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"तयारी कशी आहे?"

"चाललीये, बाबा."

"रविवारी किती वाजता निघायचं?"

"आठला निघू या." मान वर न करता.

स्वयंपाकघरात जाऊन मी तिच्या आईला विचारलं, "गुरुवारी ही कुठे होती दिवसभर?"

"वाचनालयात," ती लगेच म्हणाली. फार लगेच. आदल्या दिवशी चष्मा कुठे ठेवला ते या बाईला आठवत नाही, आणि गुरुवार तिच्या जिभेवर तयार होता. पुढे कितीही खोदलं तरी ताकास तूर लागू दिली नाही.

म्हणजे मायलेकी सामील. कशात, एवढाच प्रश्न होता. माझ्या मते शक्यता दोन. हिच्या नावावर दुसरंच कुणी बसलं, किंवा कुणीतरी प्रश्न आधी फोडून हिच्या हातात दिले. अडतिसाचे एक्याण्णव सरळ रस्त्याने होत नाहीत. खराब निघालेली वस्तू दुसऱ्या खोक्यातून नवी होऊन आली, तर आम्ही आधी तिचा नंबर जुळवून बघतो.

मीही जुळवून पाहिलं. बुधवारी तिच्या पुस्तकातलं सगळ्यात अवघड दिसणारं गणित काढलं आणि मला कळत नाही, जरा समजावून दे, असं म्हणालो. ती शेंगा सोलत होती. वाचून दाखव म्हणाली, ऐकलं, दोन शेंगा सोलल्या आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. माझा संशय वाढलाच. फुटलेले प्रश्न पाठ असले की असंच होतं.

शनिवारपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. खोटं बोलली याचा राग होता, पण भीती जास्त होती. हे पकडलं गेलं तर तिला कुठलंच कॉलेज कधीच घेणार नाही. पोटच्या पोरीला मी टेबलापलीकडे उभी करून बघत होतो आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

रविवारी आठला निघालो. निघण्याआधी मी तिची पिशवी तपासली. ओळखपत्र, पाण्याची बाटली, रुमाल. वाटेत पुन्हा तपासली. तिने पिशवी पुढे केली. परीक्षेच्या इमारतीपाशी बरीच गर्दी होती, कसलीतरी दुसरी परीक्षा असावी. ती "येते हं" म्हणाली आणि गर्दीबरोबर आत गेली. मी समोरच्या बाकावर बसलो, पहिल्या वेळी बसलो होतो त्याच. या वेळी मात्र थोडा वेळ जाऊ दिला आणि तिच्या मागे आत शिरलो.

डोळे मिटून दूध पिणारं मांजर तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये सापडलं. कोपऱ्यातल्या टेबलावर, समोर चहा, हातात कादंबरी. मला पाहून ती उठली नाही. पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

मी समोर बसलो. "त्या गुरुवारी तुझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

तिच्या भुवया मी पाहिल्या. त्यांत काहीही नव्हतं, मला सापडेल असं काही.

"मीच बसले होते, बाबा. दुसरं कोण बसणार?"

"अडतीसचे एक्याण्णव कसे झाले? काय वेगळं केलंस?"

"काही नाही. पुस्तकं तीच होती."

"असं होत नाही."

तिने चहाचा कप बाजूला केला. "मागच्या वेळी मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. तिथून बाक दिसतो. तुम्ही घड्याळ बघत होतात. मी प्रश्न वाचायला घेतला की तुम्ही घड्याळ बघायचात. मला वाटायचं, उशीर झाला. मग तो सोडून मी पुढचा घ्यायचे. शेवटी शेवटी तर मी प्रश्न वाचतच नव्हते."

त्या दिवशी मी पाणी प्यायलाही बाकावरून उठलो नव्हतो. ते मी साहेबांना कौतुकाने सांगितलं होतं.

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तुम्ही कामावर होतात."

माझं ठरलेलं उत्तर मला समोर दिसत होतं: दोष इस्त्रीत नाही, घरचं वायरिंग तपासून घ्या. ते मी कितीजणांना तोंडावर दिलंय, आणि ते ऐकून माणसं कशी पिशवी उचलून मुकाट्याने निघून जातात, तेही दिसत होतं.

"मग आजचं हे सोंग कशाला?" माझा आवाज फार बारीक निघाला.

"तुम्ही सुट्टी मागून घेतली होतीत. आईला म्हटलं, रविवारी जाऊन बसते आत. बाहेर येऊन तुम्हाला आकडा सांगितला असता. तुम्ही सोबत होतात तेव्हा चांगले पडले, असं तुम्हाला वाटलं असतं."

मी तिची बाटली उघडून पाणी प्यायलो. चोरी पकडायला आलो होतो. या मुलीने माझ्यासाठी आख्खा रविवार रचून ठेवला होता, आणि मला सापडलं ते एवढंच. मला रडू येत होतं आणि कॅन्टीनमधली सगळी पोरं आपापली पुस्तकं वाचत होती.

"आता पुढे काय असतं?" मी विचारलं.

"मुलाखत. तिथल्या प्राध्यापकांसमोर."

"कधी?"

तिने तोंड उघडलं आणि मी हात वर केला. "नको. तारीख सांगू नकोस मला."

निदान एकदा तरी ती "असं काय करता, बाबा" म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने लगेच मान डोलावली.