हरणी विकणे आहे

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. जुनी, आणि परवापासून अर्धी. बल्लारपूरच्या एका भंगाराच्या आवारात पडले आहे. टप आणि दरवाजे कापून झाले, इंजिन आज-उद्या निघेल. तेवढ्यात माझी हकीकत ऐकून घ्या, नंतर सांगायला मी नसेन.

माझा जन्म १९५६ सालचा, मुंबईच्या कारखान्यातला. गोल पाठ, फुगीर गाल, पुढे आलेलं नाक. या रूपामुळे लोकांनी माझ्या जातीच्या गाड्यांचं नाव पाडलं, डुक्कर फियाट. हसू नका! ज्याला नावं ठेवतात त्यालाच ते कळतं.

नागभीडच्या नूर मोहम्मद यांनी मला १९७४ मध्ये टॅक्सीसाठी घेतलं. पाच वेळा नमाज पढणाऱ्या घरात डुकराचं नाव कसं काढायचं? म्हणून त्यांनी मला हरणी म्हणायला सुरुवात केली. स्टँडवरचा त्यांचा दोस्त लटारू मुद्दाम ओरडायचा, "नूरभाऊ, निंगालं काय तुमचं डुक्कर?"

"हरणी म्हन बे! नाई त पायी जाय."

मग लटारू निमूटपणे हरणी म्हणायचा आणि आत बसायचा.

चिमूरच्या रस्त्याने, धानाच्या बांध्यांमधून मी वऱ्हाडी नेले, आजारी माणसं नेली. १९८३ च्या श्रावणात शेजारच्या सुगंधाबाईंना दवाखान्यात नेत होतो, तर मुलगी वाटेतच माझ्या मागच्या सीटवर जन्मली. तिचं नाव नीलिमा ठेवलं. त्या दिवशी नूरभाऊ स्टँडभर पेढे वाटत सुटले होते, जणू त्यांनाच लेक झाली.

पुढे दिवस फिरले. काळ्यापिवळ्या जीपगाड्या आल्या आणि मी शेडमध्ये धूळ खात पडले. मग काचबिंदूने नूरभाऊंची नजर जवळजवळ गेली. त्यात २००७ मध्ये रस्ता रुंद करायचं ठरलं आणि माझं टिनाचं शेड नेमकं त्या रेषेत आलं. दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत जागा रिकामी करायची होती. भंगारवाला तर रोज दारात येऊन बसायचा. नूरभाऊंचं एकच म्हणणं, "चालवणाऱ्याले देईन. कापणाऱ्याले नाई."

नीलिमाचं तेव्हा स्टँडजवळ सायबर कॅफे होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन इंटरनेटवरच्या लिलावात गाड्या घेतात, हे तिनेच सांगितलं. ती वही घेऊन शेडमध्ये आली आणि माझ्या बॉनेटला टेकून लिहू लागली.

"चाचा, वर डुक्कर फियाट लिहा लागते. शौकीन लोक तेच नाव शोधतात."

"नाई."

"मंग सापडन कशी ते त्यायले?"

"तू कोठी जन्मली, विचार तुह्या मायले. डुकरात जन्मली काय?"

नीलिमाने वहीत हरणीच लिहिलं. आणि खरं सांगू? मी सुखावले. किती वेडी मी!

जाहिरात लागली ती अशी: 'नागभीडची हरणी विकणे आहे. एकाच घरी वाढलेली. तब्येत ठणठणीत.' फियाट हा शब्द खाली कुठेतरी होता. फोटो चढवताना लाइट गेली, तो राहूनच गेला.

दोन आठवडे कोणी विचारलं नाही. मग आले ते जंगल खात्याचे दोन गार्ड. इथे कोणी हरीण विकायला काढलंय, अशी नागपूरच्या एका सज्जनाने तक्रार केली होती.

"हरणी कुठी हाय?" गार्डाने दरडावून विचारलं.

नूरभाऊंनी माझ्या टपावर हात ठेवला. "हे काय इथी."

गार्ड पोट धरून हसले आणि चहा पिऊन गेले. साइटवाल्यांनी मात्र जाहिरात काढून टाकली होती. वन्यप्राणी विकता येत नाहीत, असा निरोप आला.

सोमवारला चार दिवस उरले. नूरभाऊ माझं स्टिअरिंग धरून कितीतरी वेळ बसले, मग त्यांनी नीलिमाला बोलावून घेतलं.

"लिही माय. डुक्कर लिही."

तेहतीस वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. शब्दाचं मला काहीच वाटलं नाही. तो उच्चारताना त्यांचा चेहरा कसा झाला, ते मात्र मला बघवलं नाही.

नवी जाहिरात तपासून लावायला साइटला आठवडा लागला. सोमवारी शेड पडलं. मला न्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी भंगारवाल्याच्या ट्रकात चढले. जाहिरात लागली गुरुवारी, आणि शनिवारपर्यंत पाच जणांचे फोन आले. पुण्याचा एक जण तर म्हणाला म्हणे, दुरुस्त करून चालवतच घेऊन जातो.

आज सकाळी नीलिमा नूरभाऊंना हाताला धरून इथे घेऊन आली. त्यांनी सवयीने दाराच्या मुठीकडे हात नेला. हात हवेतच राहिला. मग चाचपत त्यांनी माझी कापलेली कड शोधली.

"हरणे," ते म्हणाले, "मी लई उशीर केला व." आणि लहान पोरासारखे रडले.

मित्रांनो, घरातलं जुनं काही वाचवायचं असेल तर वेळेत वाचवा. लोक त्याला काय म्हणतात, यावर अडून बसू नका. मला बोलता आलं असतं, तर नीलिमा वही घेऊन आली त्याच दिवशी मी सांगितलं असतं, नूरभाऊ, खुशाल डुक्कर लिहा. साऱ्या जगाने डुक्कर म्हटलं असतं, तरी तुमची मी हरणीच राहिले असते.