पुढची राणी कोण?

हसू नका हं, पण आपल्या आसावरीने त्र्याण्णवचा अख्खा उन्हाळा बंगलोरला जाऊन काय केलं, तर गांधीलमाश्यांचं एक पोळं बघितलं. नुसतं बघितलं! तिथल्या विज्ञान संस्थेत समर प्रोजेक्टला निवड झाली म्हणून घरच्यांनी पुण्यात पेढे वाटले, आणि ही रोज चामराजपेटहून दोन बस बदलून संस्थेच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली स्टूल टाकून बसायची. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका. दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं, कोण बसलीय, कोण कुणाला हुसकावतेय, कोण अळ्यांना भरवतेय. पोळ्यातल्या राणीचं नाव हिने ठेवलं कस्तुराबाई, कारण हिची घरमालकीणही तशीच, जागची न हलता सगळ्यांना कामाला लावणारी!

प्रश्न एकच. राणी काढून घेतली, तर पुढची राणी कोण? आसावरीची खात्री होती, निळी. म्हणजे निळ्या ठिपक्याची.

"खात्री खिशात ठेव," तिचे प्रोजेक्टचे नरसिंह सर म्हणाले. "बघ आणि लिही. काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही."

सातव्या आठवड्यात सरांनी राणी अलगद काढली. आणि खरंच की, दुसऱ्या दिवशी निळी सगळ्यांवर धावून जायला लागली! आता ती अंडं घालताना दिसली की उत्तर पक्कं. सर म्हणाले, आठवडा लागेल. हिचं परतीचं तिकीट नऊ दिवसांवर. ही चहालाही उठेना.

सहाव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, एक काळीकुट्ट, अंगठ्याएवढी परकी गांधीलमाशी आली आणि सरळ पोळ्यावर बसली. आतल्या सगळ्या भुर्रकन पत्र्याच्या कडेला. ती मोठी एकेक घर फाडून अळ्या ओढून खायला लागली.

आसावरीने पेपरची सुरळी केली. तेवढ्यात लॅबमधली पवित्रा आली, बेळगावची.

"ठेव गं ते खाली."

"अगं, खातेय ती! अळ्या खातेय!"

"दिसालंय की मला. बस."

"एकदाच हुसकावते ना!"

"हुसकावलीस की ते तुझं पोळं झालं. माश्यांचं कुठं राहिलं?"

"निळी बघ ना, नुसती बसलीय! राणी असती तर…"

"राणी पण तिथंच बसली असती, तिच्या शेजारी."

सुरळी हातातून गळाली. आसावरीने गुडघ्यांत डोकं घातलं. मान वर केली तेव्हा पोळ्याच्या चिंध्या लोंबत होत्या आणि मोठी निघून गेली होती. चारपर्यंत बाकीच्याही एकेक करून उडून गेल्या. निळीसुद्धा.

पाचला सर आले. वही चाळली.

"सर, अंडं बघायचं राहिलंच. उत्तर नाही मिळालं."

"नाही मिळालं. तसंच लिहायचं." त्यांचं बोट थांबलं. "अकरा-दहा आणि अकरा-पंधरा कोरं का?"

"पवित्राला विचारून भरू? ती इथेच उभी होती."

"नोंदी पवित्रा घेत होती?"

"नाही सर."

सरांनी वही तिच्यापुढे सरकवली. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. आसावरीने पेन घेतलं आणि दोन्ही ओळींवर लिहिलं, "मी पाहिलं नाही." अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. सरांनी शेजारी सही केली.

एवढ्यात सव्वापाच झाले. आसावरीने स्टूल पुढे ओढलं, रिकाम्या पोळ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "कोणी नाही."