गादीची जाहिरात

"बाबा, आजपासून तुमच्या फोनवर एकही जाहिरात येणार नाही. वर्षभराचे पैसे भरून टाकले मी!" सूनबाईने फोन परत देत सांगितलं.

कंपाउंडरांना चहाचा ठसका लागला. दवाखाना केव्हाच बंद झाला, पण लोक त्यांना अजून कंपाउंडरच म्हणत. "कशाला गं उगाच?"

"अहो, जुनी गाणी लावता, अन् मधल्या जाहिराती बटण दाबून टाळायचंही सुचत नाही तुम्हाला!"

न सुचायला काय झालं? त्यातल्या एका गादीच्या जाहिरातीत त्यांची बायको बोलायची. एके काळी रेडिओवर तिचा आवाज आला की गल्लीतली पोरं तिच्याआधीच जाहिरात म्हणून मोकळी व्हायची. कंपाउंडर तिला सायकलवर डबलसीट घेऊन रेकॉर्डिंगला न्यायचे. काय दिवस होते ते!

गादीचं काम मात्र तिच्या शेवटच्या आजारपणातलं. "पोराला कळलं तर घर डोक्यावर घेईल. गप्प बसा हं," तिने बजावलं होतं. ते गप्प बसले. ती गेली, जाहिरात राहिली. अन् घरात कुणाला पत्ताच नव्हता, कारण तिचा आवाज पाच सेकंदांनंतर यायचा आणि त्याआधीच सगळ्यांचा अंगठा बटणावर पडायचा.

आता गाण्यामागून गाणी लागू लागली. कंपाउंडरांना करमेना. शेवटी त्यांनी लाजलज्जा गुंडाळून ठेवली. "सूनबाई, माझ्या जाहिराती मला परत दे."

ती आधी हसली. कारण ऐकल्यावर मटकन खालीच बसली.

तिने सगळं पहिल्यासारखं केलं आणि दोघं फोनसमोर बसली. साबण आला, कर्ज आलं, केसांचं तेल आलं. तिचा अंगठा सवयीने बटणाकडे धावायचा. अखेर ती स्वतःच्या हातावरच बसली.

मग पलंग दिसला.

"दमलात ना? पडा जरा. बाकीचं मी बघते."

ते दवाखान्यातून परतल्यावर बायको रोज अगदी असंच म्हणायची. कंपाउंडरांचे डोळे भरून आले.

अर्धी दाढी केलेला मुलगा धावत बाहेर आला. "आई? हा आईचा आवाज? परत लाव गं!"

"परत नाही लावता येत," सूनबाई हळूच म्हणाली. "आपणहून येईल तेव्हाच."

गाणं सुरू झालं होतं. ते कुणीच ऐकत नव्हतं. मुलगा गालावरच्या फेसासकट वडिलांना खेटून बसला.

"बस," कंपाउंडर म्हणाले. "फक्त बटणाला हात लावू नकोस."